मला दिसतंय, पण मी दिसतोय का?

दोस्तांनो,

दिवाळीचा फराळ संपला, किल्ल्यावरचे मावळे पुन्हा खोक्यात जाऊन बसले आणि शाळा-क्लास सुरू झाले. आता एक गंमत बघा. जूनमध्ये संध्याकाळी साडेसहाला तुमचा क्लास सुटायचा, तेव्हा बाहेर लख्ख उजेड असायचा. आजही क्लास साडेसहालाच सुटतो. रस्ता तोच, सायकल तीच. पण बाहेर पाऊल टाकावं तर काळोख! जूनच्या शेवटी मुंबईत सूर्य मावळतो तो सव्वासातनंतर. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सहालाच त्याची घरी जायची वेळ होते. नागपूरकर दोस्तांची तर आणखीनच पंचाईत. तिकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारासच सूर्यमहाराज गुडूप होतात.

मग घरोघरी एक ठरलेलं भांडण सुरू होतं. आई म्हणते, "अंधार पडतो. सायकल नको नेऊस, बाबा येतील घ्यायला." आणि तुम्ही म्हणता, "अगं आई, रस्त्यावर दिवे असतात. मला सगळं नीट दिसतं!"

आता बोला, कोणाचं खरं?

तुमचं खरंच आहे. तुम्हाला दिसतं. पण आईच्या मनातला प्रश्न तो नाहीच मुळी. रात्री सायकल चालवताना "मला रस्ता दिसतो का?" हा झाला अर्धा प्रश्न. "मी इतरांना दिसतो का?" हा उरलेला अर्धा. आणि बहुतेक जण नेमका हाच अर्धा पेपर कोरा सोडून येतात. म्हणून आज आपण तोच सोडवणार आहोत.

फसवणूक कशी होते?

समजा, तुम्ही अंधाऱ्या रस्त्याने चालला आहात. लांबून एक मोटार येते आहे. तिचे दिवे तुम्हाला कितीतरी आधीपासून दिसतात. ती जवळ येईपर्यंत तुम्ही तिच्याकडे बघत असता. मन आपोआप म्हणतं, "मी याला केव्हाचा बघतोय, म्हणजे त्यानंही मला पाहिलं असणारच."

इथेच घोटाळा होतो! मोटारीला दोन ठसठशीत दिवे आहेत, म्हणून ती तुम्हाला दिसली. तुमच्यापाशी काय आहे? काळी सायकल, निळी पॅंट, पाठीवर करडं दप्तर. त्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं तुम्ही अंधाराचाच एक तुकडा असता.

दिवसा आपण आणखी एक गोष्ट नकळत करतो. चौकात गाडी आली की ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याची नजर आपल्यावर पडली की मगच पुढे जातो. रात्री मात्र दिव्यांच्या झगमगाटामागे त्याचा चेहरा दिसतच नाही. म्हणून रात्रीचा पहिला नियम पाठ करून टाका: समोरच्यानं मला पाहिलेलं नाही, असंच धरून चालायचं.

थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पळते. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. आणि ब्रेक लागल्यावर गाडी काही जागच्या जागी थांबत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तिला आणखी वीसेक मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटरची असते. तेव्हा सव्वादोन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा. एवढी जागा हवी! रस्ता ओला असेल तर त्याहूनही जास्त.

आता दुसरी बाजू बघा. गाडीचे दिवे डिपरवर असताना गडद कपड्यांतला माणूस बऱ्याचदा पंचवीस-तीस मीटरवर आल्याशिवाय नीट कळतच नाही. तुम्ही रस्ता ओलांडताय, किंवा चेन पडली म्हणून कडेला थांबला आहात. गाडीला थांबायला हवेत ४५ मीटर आणि तुम्ही दिसलात ३० मीटरवर. उरलेल्या १५ मीटरांचं काय?

ड्रायव्हर वाईट असतो असं नाही. त्याचं लक्षही रस्त्यावरच असतं. पण त्याच्यापाशी ते १५ मीटर नसतात. ते त्याला द्यायचे कोणी? आपण! आपण जितके लांबून दिसू, तितके मीटर त्याच्या खिशात टाकत जाऊ.

हे करून पाहा

हा प्रयोग रस्त्यावर करायचा नाही. गच्ची, शाळेचं मैदान किंवा सोसायटीचं आवार बघा. अंधार पडला की मित्राला तीस-चाळीस पावलांवर सायकल घेऊन उभं करा. सायकलचा मागचा लाल रिफ्लेक्टर तुमच्याकडे असू दे. आता विजेरी, म्हणजे बॅटरी, आपल्या कानशिलाला टेकवून धरा आणि त्याच्यावर उजेड टाका.

काय दिसलं? मित्र धूसर दिसेल. पण तो चिमुकला रिफ्लेक्टर निखाऱ्यासारखा पेटलेला दिसेल. आता तुमच्या बहिणीला चार पावलं बाजूला उभं करून विचारा. ती म्हणेल, "पेटलाय कुठे? साधाच तर दिसतोय."

दोघंही खरं बोलताय. साधा आरसा उजेड भलतीकडेच फेकतो. रिफ्लेक्टर मात्र उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवतो. दिवा तुमच्या डोळ्याशेजारी होता म्हणून तो उजेड तुम्हाला मिळाला, बहिणीला नाही. गाडीतही तसंच असतं. दिवे पुढे आणि ड्रायव्हरचे डोळे साधारण त्यांच्याच रांगेत. म्हणून तुमचा रिफ्लेक्टर त्याला झगझगीत दिसतो. तुम्हाला स्वतःला तो कधीच तसा दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, "हा लाल तुकडा काय कामाचा?"

कॅरम ते चंद्र

हे जमतं कसं? कॅरम बोर्ड काढा. कोपऱ्यातल्या भोकाच्या थोडं अलीकडे स्ट्रायकर तिरका मारा, असा की तो आधी एका कडेला आणि लगेच शेजारच्या कडेला आपटेल. तो साधारण आला त्याच दिशेनं परत फिरतो. रिफ्लेक्टरच्या आत असेच शेकडो बारीक कोपरे असतात. फरक एवढाच की कॅरमच्या कोपऱ्यात दोन कडा भेटतात, इथे तीन पृष्ठभाग भेटतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात तसे. रिफ्लेक्टर डोळ्याजवळ नेऊन बघा, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसेल. तेच ते कोपरे.

आणि ही युक्ती केवढी मोठी आहे सांगू? १९६९ साली अपोलो ११ मधून चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी तिथे असाच एक रिफ्लेक्टर ठेवला. त्यात काचेचे १०० कोपरे आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर अगदी बारकाईनं मोजता येतं. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लॅंडरवरही नासानं दिलेला एक छोटा रिफ्लेक्टर आहे. जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद, त्यात आठ कोपरे! डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं सुमारे १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर टाकला आणि उजेड परत आला. आता सांगा, शंभर किलोमीटरवरून जो सापडतो, त्याचा भाऊबंद तुमच्या मडगार्डवर आहे. आणि तुम्ही तो चिखलानं माखून ठेवता!

आजच जाऊन बघा. मागचा लाल रिफ्लेक्टर शाबूत आहे का? सरळ मागे बघतोय की आभाळाकडे? पेडलचे पिवळे तुकडे आहेत की पडले? चाकाच्या आऱ्यांमधले? ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि एक खास चूक तपासा. कॅरिअरला दप्तर लावलं की त्याचा पट्टा किंवा पावसाळी कव्हर नेमकं रिफ्लेक्टरवर लोंबतं. सगळी मेहनत फुकट!

मग दिवा कशाला?

हुशार वाचक विचारतील, "रिफ्लेक्टर इतका भारी, तर दिवा कशाला हवा?" छान प्रश्न! रिफ्लेक्टर स्वतः उजेड तयार करत नाही. त्याच्यावर कोणीतरी उजेड टाकावा लागतो. बोळातून आडवी येणारी मोटारसायकल असते, तिचा दिवा तुमच्यावर पडेपर्यंत ती अंगावर आलेली असते. रस्त्यानं चालणारे आजोबा असतात, त्यांच्याकडे दिवाच नाही. समोरून तुमच्यासारखाच बिनदिव्याचा सायकलवीर येतो! या सगळ्यांसाठी दिवा हवा. म्हणजे "दिवा किंवा रिफ्लेक्टर" नाही, "दिवा आणि रिफ्लेक्टर".

पुढे पांढरा, मागे लाल. यात अदलाबदल नाही. लाल दिवा दिसला की मागच्याला कळतं, "हा माझ्याच दिशेनं पुढे चाललाय." पांढरा दिसला की कळतं, "हा माझ्याकडे येतोय." उगाच निळे-हिरवे लुकलुकणारे दिवे लावले की बघणारा गोंधळतो.

तुमच्या आजोबांना विचारा, ते डायनामोची गोष्ट सांगतील. टायरला घासून फिरणारी ती छोटी बाटली आणि तिच्यावर पेटणारा दिवा. दिव्याशिवाय जाणाऱ्याला हवालदार अडवायचा, डबल सीटवाल्यालाही अडवायचा, याचे किस्सेही ऐकायला मिळतील. डायनामोत एक खोट होती. सायकल थांबली की दिवा विझायचा, म्हणजे रस्त्यात उभं असताना, नेमका हवा तेव्हाच नाही. आता बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे आले आणि ती अडचण संपली. पण नवी आली: चार्ज करायला विसरणं! मोबाइल चार्जिंगला लावायला विसरता का कधी? मग दिवाही त्याच्याच शेजारी लावा.

पुढचा दिवा थोडा खाली, रस्त्याकडे झुकलेला हवा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसता कामा नये. आणि मोबाइलचा टॉर्च हातात धरून सायकल चालवणं बंद. एका हातानं ब्रेक अर्धाच लागतो.

कपडे आणि घोटे

संध्याकाळी अंगणातल्या लाल जास्वंदीकडे बघत बसा. दिवस मावळत जाईल तसं ते लालभडक फूल काळपट होत जातं, पानं मात्र त्याच्या मानानं उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग सगळ्यात आधी दिसेनासा होतो. तेव्हा "मी तर लाल शर्ट घातलाय" असं म्हणू नका, रात्री तो काळ्याचाच भाऊ. पांढरा, फिकट पिवळा बरा. ते भडक पोपटी जाकीटही सूर्यप्रकाशावर चमकतं, रात्री नाही. रात्री काम करतात ते त्याच्यावरचे रुपेरी पट्टे.

हे पट्टे लावायचे कुठे? स्वीडनमधल्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर, म्हणजे खांदे, कोपर, गुडघे, घोटे अशा जागी, उजेडाचे ठिपके लावले आणि बाकी सगळा अंधार ठेवून चित्रीकरण केलं. माणूस स्थिर असताना नुसते विखुरलेले ठिपके दिसायचे. पण तो चालू लागला की बघणारे क्षणात ओळखायचे, "अरे, हा तर माणूस!"

यात आपला फायदा आहे. पाठीवर लावलेला चमकता ठिपका मैलाचा दगड असू शकतो, कुंपणाचा खांब असू शकतो. पण खाली-वर, खाली-वर होणारे दोन ठिपके म्हणजे पेडल मारणारे पाय, हे ड्रायव्हरला लगेच कळतं. म्हणून रुपेरी पट्टी घोट्यांना बांधा. पॅंट चेनमध्ये अडकणार नाही हा वरचा बोनस!

आता चालवताना

दिसण्याची तयारी झाली. आता बघण्याचं बघू.

एक: वेग कमी. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. खड्डा, न रंगवलेला गतिरोधक, कडेची वाळू, रस्त्यात बसलेली गाय यांना कुठे दिवे असतात?

दोन: समोरून गाडी अप्परवर दिवे ठेवून आली की डोळे दिपतात. तिच्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, वेग कमी करा, वाटलं तर उतरा. ताशी १५ किलोमीटरनं जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर बारा मीटर तुम्ही आंधळेपणानं गेलात.

तीन: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडचे दोस्त, तुमच्यासाठी हे खास. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन! ऊस बाहेर लोंबतो आणि मागचा रिफ्लेक्टर झाकून टाकतो. अशी ट्रॉली बंद पडून अंधारात उभी असेल तर ती अगदी जवळ गेल्यावरच कळते. चालत्या ट्रॉलीला धरून सायकल ओढून घ्यायची हौस तर दिवसाही नको.

चार: डावी बाजू सोडू नका. "जवळ पडतं" म्हणून उलट्या बाजूनं जाऊ नका. मागचा लाल दिवा, मागचा रिफ्लेक्टर, सगळं मग निरुपयोगी होतं.

पाच: कानात इयरफोन नको. रात्री डोळ्यांचं काम अर्धं झालेलं असतं, तेव्हा कानांना सुट्टी देऊन कसं चालेल? आणि डोक्यावर हेल्मेट असू दे.

सहा: जमेल तिथे मिळून या. पण गप्पा मारत शेजारी-शेजारी नाही, एकामागे एक. ज्याचा मागचा दिवा सगळ्यात चांगला, तो शेवटी.

पालकांसाठी दोन ओळी

आई-बाबा, सायकल काढून घेणं सोपं असतं. पण सायकलबरोबर बरंच काही जातं. क्लास, ग्रंथालय, मैदान आणि आपलं आपण जाऊन येण्याचा विश्वास. मुलींच्या बाबतीत तर तो दोरा फार लवकर आखडला जातो. तुमची काळजी रास्त आहे. म्हणून "नको" म्हणण्याआधी एकदा संध्याकाळी त्यांच्या मागोमाग त्याच रस्त्यानं स्कूटर घेऊन जा. किती लांबून मूल दिसतं, दिवे कुठे बंद आहेत, कोणता चौक वाईट आहे, हे स्वतः बघा. मग दोघांनी मिळून रस्ता ठरवा. दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण उजेडाचा आणि वर्दळीचा निवडा. निघायची आणि पोचायची वेळ ठरवा. आणि शाळेची नवी वही-पुस्तकं घेता, तसा मागचा लाल दिवाही त्याच यादीत लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

येत्या रविवारी संध्याकाळी घरातल्या कोणालाही मोटारसायकलवर बसवा. गाडी आवारातच उभी राहू दे, दिवा डिपरवर असू दे. तुम्ही सायकल घेऊन सावकाश लांब जा. त्यांनी "आता दिसत नाहीस!" असं ओरडलं की थांबा आणि पावलं मोजा. आधी गडद शर्टात, मग पांढऱ्या शर्टात, मग घोट्यांना पट्टी बांधून आणि मागचा दिवा लावून. चारही आकडे एका कागदावर लिहा.

आवार अपुरं पडलं, तर समजा तुम्ही पास झालात. तो कागद आईला दाखवा आणि मग सायकलचा विषय काढा.

पुढच्या वेळी भेटू, तेव्हा ब्रेक करकर का वाजतात ते पाहू.

तुमचा,
सायकलकाका